खुंटीवरचा नान

१

केरेगे कंपनीत चोरी झाली आहे, हे केरेगेच्या माणसांना गिऱ्हाइकाकडून कळले.

साबिरा एजे सोमवारी सकाळी न कळवता आल्या. बिश्केकमधल्या शिवणकारखान्यांच्या संघाच्या त्या प्रमुख. सगळे शहर त्यांना मोठी बहीण मानून एजे म्हणते, आणि त्याही सगळ्या शहराशी थोरल्या बहिणीच्या हक्काने बोलतात. औषधाच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत त्यांनी बूट काढले, कोट काढला नाही, आणि टेबलावर आपला फोन ठेवला.

"बघा. त्या 'बुलाक' कंपनीच्या पोरांनी आणून दिलंय. तुम्ही वर्षभर शिवत बसलात तोच कोट. बटणं तेवढी बदललीत."

केरेगेत माणसे चारच. मेदेर संचालक. त्याची बायको आयसालकिन प्रोग्राम लिहिणारी. कुबात तिचा मदतनीस. आणि पेरिझात, जी झालेले काम तपासायची आणि गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. शिवणकारखान्यांसाठी त्यांनी एक प्रोग्राम केला होता. कोणत्या मापाचे किती कपडे शिवायचे ते सांगितले, की कापड किती, अस्तर किती, गोण्या किती भरतील, हे तो सांगे. संघाच्या सगळ्या कारखान्यांत तो बसवायचे ठरत आले होते. ते झाले तर कंपनी राहणार होती, नाही तर नाही.

आयसालकिनने फोन हातात घेतला. पडद्यावर बुलाकचा प्रोग्राम होता, पण प्रश्नांचा क्रम तिचा होता. चित्रातल्या तुकड्यांचे रंग तिचे होते. बाही पिवळी, कारण ते लिहिताना तिच्यासमोर एक पिवळी बाही पडलेली होती.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

"ते मलाही कळलं. फक्त त्यांचा प्रोग्राम कापड जरा जास्त मागतो. माझी कटर म्हणते, हिशेब कुठंतरी चुकतोय."

"नक्कल करताना चुकले असतील," कुबात फोनवर वाकून म्हणाला. पेरिझातही वाकली. मेदेर तेवढा उठला आणि चहा ओतायला लागला. केरेगेत चहा पेरिझात ओतत असे, ती नसली तर आयसालकिन. मेदेरने साबिरा एजेंपुढे पियाला ठेवला तो काठोकाठ भरून.

पाहुण्याला पियाला अर्धाच भरून द्यायचा असतो, म्हणजे पुन्हापुन्हा ओतता येतो. भरलेला पियाला म्हणजे पिऊन निघा.

"हाकलतोस होय रे?" साबिरा एजेंनी विचारले.

"नाही हो एजे. लक्ष नव्हतं."

"सही तुझी, डोकं बायकोचं. निदान चहा तरी नीट ओतत जा."

सगळे हसले. मेदेरही हसला.

साबिरा एजेंनी तो चहा प्यायला नाही. त्या उठल्या. "शुक्रवारी येते. कुणी दिलं त्याचं नाव तोवर मला हवं. तुमच्या प्रोग्रामात आमच्या कारखान्यांचं सगळं आतलं राहणार. ज्या घरातला चोर कोण ते घरच्यांनाच माहीत नाही, तिथं मी माझ्या बायकांचं काम ठेवत नाही." दारात बूट चढवता चढवता त्या आयसालकिनकडे वळल्या. "चुका शोधण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही म्हणतात. मग ही शोध."

२

ऑफिसात नवरा-बायको एकमेकांना तुम्ही म्हणत. तो मेदेरचा नियम होता. कामाच्या टेबलावर घर आणायचे नाही, असे तो म्हणे. त्यामुळे आयसालकिनने जेव्हा चौकशीला सुरुवात केली तेव्हा तिला वाटले, निदान या एका बाबतीत आपल्याला सवय आहे. तिला सवय नव्हती. सोबत जेवणाऱ्या माणसाला 'तू दिलंस का' हे विचारताना जीभ टाळ्याला चिकटते.

पेरिझातने खुर्ची ओढून घेतली. "मला पहिली बोलावलंत. म्हणजे संशय कमी की जास्त?"

"तुझ्यावर नाहीये संशय."

"हे सगळ्यांनाच म्हणणार ना तुम्ही?" मग तिने आवाज खाली आणला. केरेगेत थोरलीला एजे म्हणत, थोरल्याला बाइके. "एजे, मी चुगली करत नाही. पण कुबात बाइके रोज जिन्यात जाऊन फोन करतात. परत येतात तेव्हा कुणाशी बोलत नाहीत. आणि रजा मागितलीय त्यांनी. कुठं जाताय विचारलं, तर म्हणाले, काम आहे."

कुबात समोर बसला तेव्हा त्याने हात मांडीवर ठेवले होते, शाळेतल्यासारखे.

"आधी तू बुलाकमध्ये होतास," आयसालकिन म्हणाली.

"होतो. तुम्हीच आणलंत मला तिथून."

"अजून बोलणं होतं त्यांच्याशी?"

"वाढदिवसाला."

"जिन्यात कुणाशी बोलतोस?"

त्याने दाराकडे पाहिले.

"कुबात, मला काहीतरी सांग. मी शुक्रवारी काय बोलू?"

"कामाचं विचारा, एजे. लिहिलेली ओळन् ओळ उघडून दाखवतो. ते तेवढं विचारू नका."

मेदेरला तिने शेवटी विचारले. तो खिडकीपाशी उभा होता.

"मलाही विचारणार?"

"सगळ्यांनाच विचारतेय. बुलाकचा मालक तालाय तुमच्या वर्गातला. अलीकडे भेटलात?"

"तूही होतीस की. काकांच्या नातवाला पाळण्यात घातलं, तेव्हा."

नियम मोडला तो त्याने मोडला, पण तिने ते मनावर घेतले नाही, कारण ते जेवण तिला आठवले. भरल्या दस्तरखानावर काका म्हणाले होते, "आमच्या मेदेरला बायकोनं नोकरीला ठेवलंय. पगार वेळेवर देते म्हणतात." सर्वांत मोठ्याने तालाय हसला होता. आयसालकिनने तेव्हा ताटात पाहिले होते. मेदेरसाठी एखादा शब्द बोलावा असे तिला वाटले होते, आणि ती बोलली नव्हती.

"त्यानंतर?"

"त्यानंतर नाही."

दुपारी ती स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेली. दारामागच्या खुंटीवर एक पांढरी पुरचुंडी टांगलेली होती. तिने गाठ सोडली. आत गोल नान होता, कडेला एकच घास तोडलेला. दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या.

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याकडून असाच नानाचा घास तोडवून घेतात.

३

तिने ते सगळ्यांसमोर केले. नंतर तिला स्वतःचा राग आला तो याच गोष्टीचा, की एकट्याला बाजूला घेऊन विचारता आले असते.

पुरचुंडी तिने टेबलावर ठेवली. "हा कुणाचा?"

"माझा," कुबात म्हणाला.

"कुठं निघालास?"

कुबातने पुरचुंडी आपल्याकडे ओढली.

"तालायकडं परत?"

कुबातने मान वर केली. त्याचा चेहरा उतरला नव्हता, उलट कडक झाला होता. "एजे, तुम्हाला काय म्हणायचंय ते म्हणा."

"रजा मागितलीस. फोन लपवतोस. बुलाकमध्ये तुझी ओळख आहे. आमच्याकडून निघालायस आणि जाताना रिकाम्या हातानं जात नाहीयेस. हे म्हणायचंय."

पेरिझातने डोळे झाकून घेतले. कुबात मेदेरकडे वळला. "बाइके, तुम्हालाही असंच वाटतं?"

मेदेर टेबलावरच्या कुठल्यातरी डागाकडे पाहत होता. "आता विषय वाढवू नका," तो म्हणाला. एवढेच. होय म्हणाला नाही, आणि नाही असेही म्हणाला नाही.

कुबातने आपला कप उचलला, चार्जर गुंडाळला, घरच्या सपाता पिशवीत घातल्या. पुरचुंडी घेऊन तो स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेला आणि मग बाहेर पडला. दार त्याने आपटले नाही.

आयसालकिन आणि मेदेर शहराच्या कडेला मेदेरच्या आईकडे, बुरुल आपांकडे, राहत. अंगणातल्या खोलीत आपांच्या शिवणयंत्रांची घरघर चाले. लहान मुलांचे कोट शिवायच्या त्या. संध्याकाळी गोणी भरायची वेळ होती. आयसालकिन कोट मोजून देत होती, आपा गोणीत दाबत होत्या. तोंड शिवण्याआधी त्यांनी सवयीने गोणीतला सर्वांत लहान कोट काढून बाजूच्या फळीवर ठेवला.

"गप्प का तुम्ही दोघं?" त्यांनी विचारले. "एका ऑफिसात जाता, एका गाडीतून येता. तिथंच बोलून संपतं वाटतं सगळं."

"चोर सापडला, आपा. कुबात," आयसालकिन म्हणाली.

"तो? माझ्या यंत्राचा पट्टा बसवून गेला होता तो?" आपांनी सुई थांबवली. "कबूल केलं त्यानं?"

"नाही."

"मग सापडला कसा म्हणतेस?"

मेदेर उठून अंगणात गेला.

दुसऱ्या दिवशी आयसालकिन ऑफिसात सर्वांआधी पोहोचली. कुबातच्या टेबलावर काही नव्हते. ती चहाचे पाणी ठेवायला कोपऱ्यात गेली, आणि दारामागे तिला पुरचुंडी दिसली. खुंटीवर, जिथल्या तिथे. तो ती घेऊन गेला नव्हता. पुन्हा टांगून गेला होता.

किटलीचे पाणी उकळून उकळून आटत आले तरी ती तिथेच उभी होती. घास तोडलेला नान लोक घरी का ठेवतात, हे तिला लहानपणापासून माहीत होते. भावाने पलटणीत जाताना तोडलेला नान आईने दोन हिवाळे जपला होता. तो आला आणि त्याने तो पाण्यात भिजवून खाल्ला. उरलेला घास माणसाला परत बोलावतो. तालायकडे कायमचा जाणारा माणूस आपला नान केरेगेच्या खुंटीवर टांगणार नाही. जिथे परत यायचे असते, तिथेच तो टांगायचा असतो.

तिने पुरावा बरोबर पाहिला होता आणि अगदी उलटा वाचला होता.

४

मग उरले काय? तिच्याकडे एकच गोष्ट होती, जी तिने अजून तपासली नव्हती. बुलाकच्या प्रोग्रामातली चूक.

बुधवारी ती साबिरा एजेंच्या कारखान्यात गेली. एजे बाहेर होत्या. त्यांनी फोन कटरच्या हाती दिला होता. आयसालकिनने एका गोणीचे आकडे घातले. कापड थोडे जास्त आले. तेवढ्याच कोटांची मापे बदलून मांडणी केली, जास्तीचे तेवढेच राहिले. कोट वाढवले पण गोणी एकच ठेवली, तरी तेवढेच. दोन गोण्या केल्या तेव्हा ते दुप्पट झाले.

म्हणजे जास्तीचे कापड कोटांमागे नव्हते. गोणीमागे होते. हिशेब चुकत नव्हता, कुणीतरी तो मुद्दाम तसा लावलेला होता.

"एवढं कापड कापून बघाल?" तिने कटरला विचारले. "ह्यात काय बसतं ते बघायचंय."

कटरने कापड अंथरले. पुठ्ठ्याचे एक माप ठेवले, उचलले, दुसरे ठेवले. "ह्यात एकच बसेल," ती म्हणाली, आणि सर्वांत लहान माप त्या तुकड्यावर ठेवले. ते असे बसले, की कडेला चिंधीसुद्धा उरली नाही. "दर गोणीमागे एक तान्ह्याचा कोट. कशाला मागत असेल?"



हा नियम आयसालकिनने स्वतः लिहिला होता. वर्षभरापूर्वी, घरच्या स्वयंपाकघरात, घरच्या लॅपटॉपवर, सासूसाठी. बुरुल आपांची एक मुलगी बोबडे बोलायच्या वयात गेली होती. तेव्हापासून त्या प्रत्येक गोणीमागे एक सर्वांत लहान कोट जास्त शिवत, फळीवर ठेवत आणि गल्लीतल्या कुणाच्या तरी बाळाला घालत. तो कोट बिलात नसे. "कापड पुरत नाही ग मला," त्या म्हणाल्या होत्या, म्हणून आयसालकिनने तो कोट हिशेबात धरला. प्रोग्राम चांगला झाला, म्हणून पुढे तो ऑफिसात नेला. पण नेण्याआधी तिने तो नियम काढून टाकला होता. सासूचे दुःख गिऱ्हाइकाला विकायचे नसते.

ऑफिसातल्या एकाही संगणकावर तो नियम कधी आलाच नव्हता. कुबातने तो पाहिलेला नव्हता. पेरिझातने पाहिलेला नव्हता.

तेवढ्यात साबिरा एजे आत आल्या. "काय ग? सापडलं काही?"

"अजून बघतेय," आयसालकिन म्हणाली.

ते खोटे होते, आणि ते तिच्या तोंडून फार सहज आले.

५

मेदेर अंगणात गाडीत गोण्या चढवत होता. अक्रोडाची पाने पडून जमीन काळपट झाली होती. शिवणखोलीतून यंत्रांचा आवाज येत होता, त्यामुळे हळू बोलावे लागत नव्हते.

"तालायला तुम्ही दिलंत," ती म्हणाली.

"घरी तुम्ही कशाला?"

 त्याने गोणी खाली ठेवली.

"त्यांच्या प्रोग्रामात आपांचा कोट आहे, मेदेर."

त्याला समजायला वेळ लागला. मग तो गोणीवरच बसला. "मी उघडून नीट पाहिलंही नव्हतं," तो म्हणाला. "घरचा लॅपटॉप होता, त्यातलं उचलून दिलं. बघायला दिलं होतं फक्त."

"कशासाठी?"

"त्यानं विचारलं, ह्यात तुझं काय आहे? त्या जेवणानंतर भेटलो तेव्हा. मी म्हटलं, सगळं." तो हातातल्या दोरीचे टोक सोडत बसला. "म्हटलं, तिकडं मोठ्या जागेवर घेईल. माझ्या नावावर. मग घरी येईन तेव्हा तुझा नवरा म्हणून येईन, तुझ्या हाताखालचा माणूस म्हणून नाही. तालायनं जागा दिली नाही. माल ठेवून घेतला."

"आणि कुबात?"

"ते मी नाही म्हटलं. तू म्हटलंस."

ते खरे होते. म्हणूनच ते तिला इतके लागले.

"आपल्या तिघांशिवाय त्या कोटाचं कुणाला माहीत नाही," मेदेर जमिनीकडे पाहत म्हणाला. "कुबात गेलाच आहे. तो तसाही जाणार होता कुठंतरी. ऑफिस वाचेल. आपण वाचू."

आयसालकिनने त्याला तिथल्या तिथे झिडकारायला हवे होते. ती काही बोलली नाही. ती आत गेली, कणीक मळली, खिमा भरून मंत्या वळल्या. दुसरा सगळा दिवस तिने ऑफिसात काम केले, आणि पेरिझातने जेव्हा विचारले, "एजे, मग तेच होते का?" तेव्हा तिने मान हलवली, ती मान कोणत्या बाजूला हलली हे पेरिझातला ठरवता येऊ नये, अशा बेताने. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात ती दिवसभर गेली नाही. चहा पेरिझातने आणून दिला.

६

शुक्रवारी साबिरा एजेंनी या वेळी कोटही काढला. पेरिझातने नान, मुरंबा, चहा मांडला.

"बोला. नाव."

मेदेरने आयसालकिनकडे पाहिले. आदल्या दिवशीच्या तिच्या गप्प राहण्यावर तो विसंबून होता, हे तिला त्या नजरेत दिसले, आणि तिथेच तिचे ठरले.

"सोमवारी मी कुबातचं नाव घेतलं होतं," ती म्हणाली. "ते चुकलं. त्याचा नान अजून आमच्या खुंटीवर आहे. इथून चोरून पळणारा माणूस इथं परत यायची सोय करून ठेवत नाही."

"बरोबर," साबिरा एजे म्हणाल्या. "पण नानावर कुणी निर्दोष सुटत नाही."

"नाही. म्हणून तुमच्याकडे येऊन मी बुलाकची चूक तपासली. तो प्रोग्राम गोणीमागे एक लहान कोट जास्त धरतो. तुमच्या कटरनं कापड अंथरून दाखवलं मला. असा जास्तीचा कोट सगळ्या शहरात एकच बाई शिवते. माझी सासू. तिच्यासाठी तो हिशेब मी लिहिला होता, आणि प्रोग्राम ऑफिसात आणण्याआधी काढून टाकला होता. बुलाकवाल्यांनी तो न समजता जसाच्या तसा उचलला. म्हणजे त्यांना मिळालं ते ऑफिसातलं नाही. चोरी माझ्या घरातून झाली. आणि हे मला परवाच कळलं होतं. तुम्हाला मी खोटं सांगितलं."

पेरिझातचा हात चहाच्या किटलीवर तसाच राहिला.

"घरात कोण?" साबिरा एजेंनी विचारले.

"आम्ही तिघं."

"म्हातारीला लॅपटॉप उघडता येतो?"

"नाही."

"मग तू की हा?"

 नाव आयसालकिनला घेता आले असते. पण एकदा तिने एका माणसाचे नाव सर्वांसमोर घेतले होते. दुसऱ्यांदा तिला ते करायचे नव्हते. तो शब्द ज्याचा होता त्याने बोलायचा होता. खाली औषधाच्या दुकानात कुणीतरी खोकत होते, ते वर ऐकू येत होते.

"मी," मेदेर म्हणाला.

साबिरा एजेंनी त्याला का, कसे, काही विचारले नाही. त्यांनी पेरिझातच्या हातून किटली घेतली, मेदेरचा पियाला पुढे ओढला आणि ओतत राहिल्या. चहा काठाला आला, काठावर फुगला. तो न सांडता त्यांनी पियाला दोन्ही हातांनी त्याच्यापुढे सरकवला.

मेदेरने तो उचलला. चहा कढत होता, तरी त्याने तो पुरा प्यायला. मग तो उठला, बूट घातले आणि गेला.

"कराराचा कागद सोमवारी पाठव," साबिरा एजे जरा वेळाने म्हणाल्या. "त्यावर सही तुझी. आणि आनंद करू नकोस. तुला चूक सापडली म्हणून देतेय, चूक नाही म्हणून नाही." त्यांनी कोट चढवला. "त्या पोराकडं जाऊन आलीस?"

७

बुरुल आपांनी सगळे ऐकून घेतले. मुलाला त्या एकच वाक्य बोलल्या. "माझ्या गेलेल्या पोरीनं पकडलं तुला." मग पेटी उघडून त्यांनी नवऱ्याचा न वापरलेला चापान काढला, काळ्या मखमलीचा, सोनेरी काठांचा. अपराध कबूल करायला जाणारा माणूस असा झगा घेऊन जातो आणि ज्याचा अपराध केला त्याच्या खांद्यावर स्वतः घालतो.

कुबातच्या आईने दार उघडले आणि बाजूला झाली. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. आत एक भरलेली बॅग उभी होती. कुबात पुढे आला. मेदेरने बोलायला सुरुवात केली, पण त्याला तीन-चार शब्दांपलीकडे जाता आले नाही, म्हणून त्याने चापान उलगडून त्याच्या खांद्यावर घातला. कुबातने घालू दिला. मेदेरची मान खाली होती, आणि पाहणाऱ्याला वाटले असते की झग्याचे वजन त्याच्याच खांद्यांवर आहे.

"झालं, बाइके," कुबात म्हणाला. "तुमचं झालं." मग त्याने आयसालकिनकडे पाहिले. "एजे, यांनी फाइल दिली. माझं नाव कुणी घेतलं?"

आयसालकिन नवऱ्याची चूक कबूल करायला आली होती. स्वतःसाठी तिने काहीच आणले नव्हते.

"मी," ती म्हणाली. नवऱ्याने म्हटला होता तोच शब्द. आता तिला कळले, तो उच्चारायला त्याला इतका वेळ का लागला.

"मला जिन्यात कुणाशी बोलतो विचारलंत. माझ्या बायकोशी बोलत होतो. ती तिकडं रशियात गोदामात काम करते. परत येत नाही म्हणते. आलं तर इथं करू काय, म्हणते. तिला आणायला निघालोय." तो चापानाच्या काठावरून बोट फिरवत होता. "लोकांना काय सांगणार, बायको येत नाही म्हणून? तिला मी तुमचं सांगायचो. आमच्या ऑफिसात नवरा-बायको एका टेबलावर बसतात, तुलाही शिकवतील म्हणायचो. म्हणून नान तिथं टांगला."

मेदेर बाहेर अंगणात गेला.

"कुबात, मी—"

"नका बोलू, एजे. आत्ता नको." आणि थोड्या वेळाने, "आहे का अजून तो?"

"आहे. कुणी हात लावला नाही."

त्याने विचार केला. आईकडे पाहिले, बॅगेकडे पाहिले. चापान काढून त्याने नीट घडी घातली आणि आईच्या हातात दिला. "नान तिथंच राहू द्या," तो म्हणाला. परत येतो म्हणाला नाही.

त्यानंतर मेदेर आईच्या शिवणखोलीत कापड कापायला बसू लागला. सकाळी आयसालकिन एकटीच गाडी घेऊन निघते. ऑफिसात आता तिला तुम्ही म्हणणारा नवरा नाही. दार उघडले, की कोट काढण्याआधी ती स्वयंपाकाच्या कोपऱ्यात जाते. नान दगडासारखा झाला आहे. ती पुरचुंडी उतरवत नाही, फक्त खालून हाताने जरा उचलून पाहते आणि सोडून देते. मग टेबलाशी जाऊन संगणक सुरू करते.